पाण्याने धरलेली इंजिनं

जयपूरच्या आसपासच्या मुलखात ट्रॅक्टरचं इंजिन जाम झालं, तर त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी निघतं. नवख्या माणसाला हे पटत नाही. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, नद्यांची पात्रं वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू, आणि इंजिन धरतं ते पाण्याने? मी मूळचा सांगलीकडचा. आमच्याकडे ही गोष्ट कुणालाही कळते. पावसाळ्यात सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालायचा राहिला की पाणी थेट आत उतरतं, रिंगा लायनरला गंजून बसतात आणि दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर काढायला जावं तर इंजिन हलत नाही. जयपूरचं पाणी वेगळ्या वाटेने येतं. ट्रॅक्टरच्या सर्व्हिसच्या कामासाठी मी १९७८ साली इथे आलो, निवृत्तीनंतरही इथेच राहिलो, आणि इथल्या मिस्त्र्यांनी जाम इंजिन सोडवण्याची जी विद्या कमावली ती जवळून पाहिली. ही विद्या वह्या-पुस्तकांत नाही, हातात आहे. ते हात आता थकत चालले आहेत, म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसलो.

ही विद्या टंचाईतून आली, हे आधी सांगायला हवं. १९५१ साली सबंध भारतात ट्रॅक्टर होते साडेआठ हजारांच्या आसपास. दहा वर्षांनी तो आकडा ३१,०००च्या घरात गेला. त्यातले जवळपास सगळे परदेशातून आलेले. मोठी यंत्रं सरकारच्या ताब्यात असत. मध्य भारतातल्या जमिनींत माजलेलं कांस गवत उखडण्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेने १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्यातून जड ट्रॅक्टर आले. राजस्थानात सुरतगढला १५ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे ३०,००० एकरांचा केंद्रीय यांत्रिक शेती प्रकल्प सुरू झाला, तो सोव्हिएत संघाने भेट दिलेल्या यंत्रांवर. ही यंत्रं चालवायला आणि सांभाळायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न होताच. मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघालं १९५५ साली, म्हणजे कांस उखडणारी यंत्रं येऊन काही वर्षं झाल्यावर.

सामान्य शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर आला तो पुढच्या दशकात. फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून २४ एप्रिल १९५९ रोजी पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६१ मध्ये मद्रासला टॅफेने मॅसी फर्ग्युसन सुरू केला. १९६३ साली महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला. हे मूळचं इंग्लंडमधलं मॉडेल, चार सिलिंडरचं, पस्तीस हॉर्सपॉवरचं. जयपूर, दौसा, टोंक या पट्ट्यात त्याने जेवढी जमीन नांगरली तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या यंत्राने नांगरली असेल. पण मागणी इतकी आणि उत्पादन इतकं तोकडं, की १९७१ साली सरकारला ट्रॅक्टरच्या विक्रीवर नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. पैसे भरायचे, नाव नोंदवायचं आणि नंबर लागायची वाट पाहायची. जमीन गहाण ठेवून आणलेला ट्रॅक्टर दारात उभा राहिला की गावातल्या बायका त्याला कुंकू लावून, नारळ फोडून ओवाळत. तो बंद पडला तर दुसरा आणू, हा विचारच कुणाच्या मनात येत नसे.

सुट्या भागांचं तर विचारूच नका. गंमत अशी, की जयपुरात बेअरिंगचा कारखाना होता. नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज, १९४६ सालची, तिच्या 'एनबीसी' बेअरिंगांचा देशभर लौकिक. पण पिस्टन यायचा मद्रासहून, रिंगा पतियाळ्याहून, आणि आयात केलेल्या ट्रॅक्टरचे भाग त्या त्या देशातून, आले तर. त्यातही झेटॉर आणि आयशरला मिलिमीटरचे पाने लागत, इंटरनॅशनल आणि मॅसीला इंचाचे. जुन्या मिस्त्रीकडे म्हणून दोन पेट्या असायच्या, आणि कुणी पोऱ्याने एका पेटीतला पाना दुसरीत टाकला तर त्याचे हाल. ब्लॉकला तडा गेला किंवा कनेक्टिंग रॉड वाकला, तर त्या शेतकऱ्याचा एक हंगाम बुडालाच म्हणून समजा. या भीतीने मिस्त्र्यांचे हात सावध झाले. माझं स्पष्ट मत आहे, की त्या पिढीने इंजिनावर हातोडा उचलला नाही त्याचं कारण स्वभाव शांत होता हे नव्हे. तुटलं तर मिळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता पाण्याकडे येतो. जयपूरच्या भोवतालचं विहिरीचं पाणी जड. सांभरचं मिठाचं सरोवर जवळच, आणि कितीतरी गावांत पाण्यात क्षार आणि फ्लोराइड दोन्ही. हे पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमधून फिरलं की इंजिनाच्या पाण्याच्या पोकळीत पांढरट खडूसारखा थर धरतो. बीड उष्णता चांगली वाहून नेतं. हा थर तिला अडवतो. बाहेरून रेडिएटर ठीक दिसतो, पाणी भरलेलं असतं, आणि आत लायनर मात्र तापत जातो. तेल पातळ होऊन जळतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा, आणि तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांत मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाएवढी. ती संपली की पिस्टन लायनरला धरतो. त्यातून मार्च-एप्रिलमध्ये मोहरीची मळणी. ट्रॅक्टर एका जागी उभा राहून थ्रेशर चालवतो, समोरून वारा नाही, आणि उडालेला भुसा रेडिएटरच्या जाळीवर जाऊन बसतो. मोहरीच्या हंगामात गॅरेजसमोर ट्रॉलीत घालून आणलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागायची ती यामुळे.

आयशरचं सुरुवातीचं इंजिन हवेवर थंड होणारं होतं, आणि या मुलखात ते एवढं रुजलं त्याचं मोठं कारण हेच असं मला वाटतं. पाणीच नाही तर थर कसला धरणार? पुढे आयशरची हवेवर थंड होणारी इंजिनं जयपूरहून दीडशे किलोमीटरवर अलवरलाच बनू लागली. पण पंख्याच्या वाटेत भुसा अडकला की तेही तापायचं.

तापून धरलेलं इंजिन आणि गंजून धरलेलं इंजिन, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मिस्त्री पहिली पाच मिनिटं एवढंच ठरवण्यात घालवतो. तापून धरलेलं इंजिन पुष्कळदा थंड झाल्यावर आपोआप सुटतं. त्याच्यावर गार पाणी ओतायचं नाही, कारण तापलेलं बीड तडकतं. ते सुटलं तरी लगेच चालवायचं नाही. हेड उतरवून लायनरवर फासल्या गेलेल्या ॲल्युमिनियमचे ओरखडे पाहायचे, ते सौम्य तेजाबाने काढायचे आणि बोअर मोजायचा. मग 'वीस' करायचं की 'चाळीस' ते ठरतं. हे इंचाच्या हजाराव्या भागाचे हिशेब, तेवढा बोअर वाढवून तेवढाच मोठा पिस्टन बसवायचा. गंजून धरलेल्या इंजिनाला मात्र वेळ द्यावा लागतो.

असा वेळ द्यायची पाळी एकदा सगळ्या जयपूरवर आली. जुलै १९८१ मध्ये इथे एका दिवसात तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. जमवा रामगढचा बंधारा, जो १९०३ साली पुरा झाला आणि १९३१पासून शहराला पाणी देत होता, तो भरून सांडला. पुढच्याच वर्षी आशियाई खेळांतल्या होड्यांच्या शर्यती त्याच पाण्यावर झाल्या. १९८१नंतर तो बंधारा पुन्हा सांडला नाही, आणि आज त्याच्या तळाची जमीन कोरडी पडली आहे. ढूंढ नदीच्या काठाने, बस्सी-चाकसूच्या बाजूला, पाणी ओसरलं तेव्हा ट्रॅक्टर जिथे होते तिथेच उभे होते, बॉनेटपर्यंत गाळ. जयपुरात घाट गेटच्या बाहेर एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. जातीने जांगिड, म्हणजे सुतार. वडील बैलगाड्यांची चाकं करायचे. माघातल्या विश्वकर्मा जयंतीला हत्यारांची पूजा करून दिवसभर पान्याला हात न लावणारा माणूस. कंपनीच्या गाड्यांवरही अवघड काम निघालं की मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. ते मला 'इंजिनियर साब' म्हणत आणि मी त्यांना मिस्त्रीजी.

त्या पावसानंतर चाकसूकडचा एक बी-२७५ त्यांच्याकडे आला, तो सुटताना मी पाहिला. मिस्त्रीजींनी मालकाला पहिला प्रश्न विचारला: "गिअरमध्ये घालून ओढलात का?" ओढलं होतं. मागची चाकं रेतीत घासत गेली होती. मिस्त्रीजी काही बोलले नाहीत, पण त्यांची मान खाली गेली, कारण आत पाणी असेल तर ते दबत नाही आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. मग त्यांनी गिअर न्यूट्रल केला, पट्टा सैल केला आणि सेल्फ उतरवला. सेल्फचा दाता फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकला, तरी इंजिन जाम वाटतं आणि लोक उगाच हेड उघडतात. तो मोकळा होता. मग चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, बोल्ट अर्धाच ढिला केला. आधी गढूळ पाणी आलं, कारण पाणी जड असल्याने तळाशी बसतं. बोटावर घेऊन त्यांनी त्याचा रंग पाहिला, वास घेतला. तेल येऊ लागलं तेव्हा बोल्ट पुन्हा आवळला.

चारी नोझल काढली. टॅपेटचं झाकण उघडून एकेका व्हॉल्व्हवर लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहिलं, की उघडा अडकलेला तर नाही ना. अडकला असेल तर सुटलेला पिस्टन त्याच्यावर आपटतो. मग पिचकारीला रबरी नळी लावून आतलं पाणी ओढलं. दोन सिलिंडर जवळपास कोरडे निघाले. बुडताना ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेले होते तिथे पाणी शिरलंच नव्हतं. नंतर अर्धं घासलेट आणि अर्धं पातळ ऑइल, कोमट करून, प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टनवर दोन बोटं चढेल इतकं ओतलं. मालकाने घरून मोहरीचं तेल आणलं होतं. मिस्त्रीजींनी ते हात जोडून परत केलं: हे तेल हवेत राहून चिकट होतं, आहे त्याला आणखी धरेल.

यानंतर त्यांनी जे केलं ते मला कुठल्याही कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. सायकलची एक तार घेतली आणि चारी सिलिंडरमधल्या तेलाची उंची तारेवर कानशीने खूण करून मोजली. रात्र गेली. सकाळी पुन्हा तार घातली. तिघांचं तेल उतरलं होतं, म्हणजे ते रिंगांच्या बाजूने झिरपत होतं, रस्ता मोकळा होता. तिसऱ्या सिलिंडरचं तेल होतं तिथेच होतं. "हा बसलाय," ते म्हणाले. इंजिन न उघडता त्यांना दुखणं कुठे आहे ते सापडलं होतं.

आता गरम पाणी. चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं. आधी कोमट, मग थोडं जास्त, मग चटका बसेल असं, टप्प्याटप्प्याने रेडिएटरमधून ओतत गेले आणि खालच्या तोटीतून सोडत गेले. एकदम उकळतं ओतलं असतं तर ब्लॉक तडकला असता. बीड आणि ॲल्युमिनियम कमीजास्त फुगतात, पुन्हा थंड होताना कमीजास्त आकसतात, आणि दोघांच्या मध्ये गंजाचा जो पापुद्रा असतो तो या ओढाताणीत भेगाळतो. थंड होताना त्या भेगांत तेल शोषलं जातं. सकाळ-संध्याकाळ हेच चाललं. मालकाचा मुलगा बाजूला येरझाऱ्या घालत होता. खरिपाची पेरणी डोक्यावर होती. एका संध्याकाळी तारेवरची खूण ओली राहिली नाही. तिसऱ्याचं तेल उतरायला लागलं होतं.

मग मिस्त्रीजींनी सेल्फच्या भोकातून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, घालून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवली आणि कडेला खडूने रेघ मारली. मुलगा पुढे झाला, टॉमीवर लांब पाइप चढवून सगळं अंग टाकायला लागला. मिस्त्रीजींनी त्याचा हात धरला. "जोर मत लगाओ, बेटा." ते स्वतः टॉमी दाबत, सोडत, उलट्या बाजूने दाबत, पुन्हा सोडत. कितीतरी वेळ खडूची रेघ हललीच नाही. मग अर्धा दाता पुढे गेली. कुणालाही वाटेल की आता पुढेच न्यावं. त्यांनी तिला मागे आणलं. अर्धा दाता पुढे, तेवढाच मागे, पुन्हा तेल, मग एक दाता. गंजाची बारीक रेती पुढेच ढकलत नेली तर ती रिंगेखाली जाऊन लायनर ओरबाडते. मागे घेतलं की तेलात मिसळून वर येते. इंजिनाचा एक फेरा पुरा होईपर्यंत नोझलच्या भोकांतून तपकिरी तेलाच्या पिचकाऱ्या उडून आमचे कपडे भरले होते. हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या बोअरमध्ये रिंगा बसल्या होत्या तिथे गंजाची गोल रेघ दिसली, नखाला लागेल न लागेल इतकी. बोअर घासून गुळगुळीत केला, नव्या रिंगा घातल्या, रॉड सरळ आहे का ते ताडून पाहिलं. ओढाताणीतही तो वाचला होता. 'वीस' करायची गरज पडली नाही. त्या शेतकऱ्याची पेरणी थोडी उशिरा झाली, पण झाली.

दुसऱ्या पद्धतीही मी पाहिल्या आहेत. हेड उतरवून पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवायचा आणि मोगरीने ठोकायचं, ही सगळ्यांना माहीत असलेली. ठोकळा बोअरच्या मापाचा, खाली सपाट केलेला असेल आणि खालून कनेक्टिंग रॉडचं टोक सोडलेलं असेल तर ती ठीक आहे. लोखंडी रॉड ठेवून घणाने ठोकणाऱ्यांनी पिस्टनला भोकं पाडलेली मी पाहिली. कुणी नोझलच्या जागी निपल बसवून ग्रीसपंपाने आत ग्रीस भरतात. दाब प्रचंड येतो आणि पिस्टन निमूट खाली सरकतो. हा उपाय मला आवडतो, फक्त व्हॉल्व्ह घट्ट मिटलेले हवेत आणि नंतर ग्रीसचा कण न् कण काढायची तयारी हवी. ट्रॅक्टर गिअरमध्ये घालून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणं हा गावोगावचा आवडता उपाय, आणि जितकी इंजिनं गंजाने गेली नाहीत तितकी या ओढण्याने गेली, असं मी खात्रीने सांगतो.

पुढे दिवस पालटले. सुटे भाग मुबलक झाले, महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना जयपूरलाच आला, पिस्टन-लायनरची किट दुकानाच्या फळीवर खोक्यात मिळू लागली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. नंबर लावून वाट पाहण्याचे ते दिवस परत यावेत असं मी कधी म्हणणार नाही. रेडिएटरमध्ये विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट पडू लागलं, तसा खडूचा थरही कमी झाला. पण नवी मुलं हेड उघडून थेट ठोकायला लागली, कारण तुटलं तर किट आहे. मिस्त्रीजींचे दोन्ही मुलगे या धंद्यात राहिले नाहीत. त्यांच्या हाताखालचा एक जण आग्रा रस्त्याला ट्रान्सपोर्ट नगरात आहे, ट्रकची कामं करतो. जुना झेटॉर किंवा एखादा बी-२७५ आला की अजून तार काढतो. हौशी लोक आता वीस-पंचवीस वर्षं गोठ्यात उभे राहिलेले ट्रॅक्टर शोधून आणतात, आणि अशा इंजिनाला किट मिळत नाही म्हटल्यावर त्याच्याकडेच येतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरचा ट्रॅक्टर शेडमध्ये बुडाला. पाणी उतरल्यावर पुतण्याचा फोन आला: "काका, बॅटरी नवी आणलीय, सेल्फ मारून बघू का?" मी जवळजवळ ओरडलोच. त्याला सेल्फ मारू दिला नाही, ओढू दिला नाही. आधी चेंबरमधलं पाणी, मग नोझल, मग कोमट तेल, आणि सायकलची तार, असं फोनवरून एकेक करून घेतलं. डिझेलच्या टाकीतलं आणि गिअरबॉक्समधलं पाणीही काढायला सांगितलं, कारण पुरात ते हमखास विसरतं. दुसऱ्या दिवशी त्याने तारेचा फोटो पाठवला. तीन सिलिंडरचं इंजिन, पैकी दोघांचं तेल उतरलं होतं. पहिला बसला होता. त्याला म्हटलं, आता चुलीवर पाणी ठेव, आणि टॉमीला पाइप लावू नकोस.